अपुऱ्या ग्रंथाची वाट पाहताना

एखाद्या कादंबरीचा एक भाग वाचून झाला, पुढचा येणार असे लेखकाने सांगितले आणि तो वर्षानुवर्षे आलाच नाही, तर लेखक वाचकाचा ऋणको ठरतो काय? द्वारका परिसरातील आमच्या कुटुंबांत इंग्रजी अद्भुतरम्य कादंबऱ्या आवडीने वाचणारी तरुण मंडळी आहेत. त्यांच्या तक्रारींमुळे हा प्रश्न आम्हांला विचारात घ्यावासा वाटला. वरवर तो करमणुकीचा आहे. परंतु निर्मिती म्हणजे काय आणि प्रतीक्षा म्हणजे काय, हे दोन जुने प्रश्न त्याच्या पोटात आहेत.

तक्रारीचे मुख्य लक्ष्य आहेत अमेरिकन लेखक जॉर्ज मार्टिन. त्यांच्या बृहत्कथेचा पहिला खंड १९९६ साली निघाला, पाचवा २०११ साली. ठरलेली मुदत चुकल्याचे लेखकाने २०१६च्या आरंभी स्वतःच जाहीर केले. त्या कथेवरील दूरचित्रवाणी मालिका मूळ ग्रंथाच्या पुढे निघून गेली आणि २०१९ साली संपलीही. सहावा खंड मात्र या ओळी लिहीपर्यंत आलेला नाही. या कथेतील हिंसा आणि कामुकता पाहता ती कुमारवयीन मुलांच्या हाती देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तथापि लेखकाची अडचण समजून घेण्याजोगी आहे. मार्टिन लेखकांचे दोन वर्ग करतात: आधी संपूर्ण आराखडा काढणारे वास्तुशिल्पी आणि बी पेरून काय उगवते ते पाहणारे माळी. स्वतःला ते माळ्यांत धरतात. माळ्याच्या बागेला बहर मोठा येतो, पण ती वेळापत्रक पाळत नाही. एका पात्राने वेगळी वाट धरली की मागची कितीतरी पाने पुन्हा लिहावी लागतात.

याच जातीचा, परंतु श्रेष्ठ प्रतीचा माळी म्हणजे जे. आर. आर. टोल्कीन. हा श्रद्धावंत कॅथलिक प्राध्यापक ऑक्सफर्डमध्ये प्राचीन इंग्रजी भाषा शिकवीत असे. १९३७ साली त्यांचे ‘द हॉबिट’ गाजले आणि प्रकाशकाने पुढचे पुस्तक मागितले. मुलांसाठी आरंभिलेली ती गोष्ट वाढत वाढत ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ झाली. लेखन पुरे व्हायला १९४९ साल उजाडले आणि छापून यायला १९५४. दुसऱ्या खंडाच्या शेवटी नायक शत्रूच्या कैदेत पडतो. तिसऱ्या खंडासाठी वाचकांना जवळजवळ एक वर्ष ताटकळावे लागले, कारण लेखक परिशिष्टांत गुंतले होते. या काळात त्यांना तारले ते तगाद्याने नव्हे, तर श्रोत्यांनी. मित्र सी. एस. लुईस प्रकरणे ऐकत राहिले. १९४४ साली दक्षिण आफ्रिकेत हवाई दलाच्या सेवेत असलेल्या ख्रिस्तोफर या मुलाला वडील नवी प्रकरणे टपालाने पाठवीत. वाट पाहणारा माणूस येथे लेखनाचा सोबती झालेला दिसतो.

लेखकाच्या या व्यथेवर टोल्कीन यांनी ‘लीफ बाय निगल’ ही छोटी कथा लिहिली. ती १९४५ साली ‘डब्लिन रिव्ह्यू’ या कॅथलिक नियतकालिकात आली. निगल नावाचा चित्रकार एका पानापासून आरंभ करतो. पानाचे झाड होते, झाडामागे अरण्य दिसू लागते, चित्र मात्र संपत नाही. शेजारी मदत मागत येतो, तेव्हा निगल कुरकुरत उठतो, पण उठतो. अखेर न टाळता येणाऱ्या प्रवासाला त्याला निघावे लागते. मागे जगात चित्राचे एक पान तेवढे उरते आणि पुढे तेही नष्ट होते. प्रवासाच्या पलीकडे मात्र ते झाड जिवंत उभे असते, आणि तेथील उरलेले काम त्या शेजाऱ्याच्या हातांवाचून पुरे होत नाही. शेजाऱ्याचे नाव आहे पॅरिश, म्हणजे आपल्या भाषेत धर्मग्राम! मानवाची निर्मिती अपुरी राहते आणि ती एकट्याची नसते, या दोन्ही गोष्टी या कथेइतक्या साधेपणाने सांगणारे लेखन आमच्या वाचनात नाही.

याचे उदाहरण शोधायला ऑक्सफर्डला जाण्याचे कारण नाही. नारायण वामन टिळक यांनी ‘ख्रिस्तायन’ हे पद्यमय ख्रिस्तचरित्र आरंभिले. सुमारे दहा अध्याय झाले आणि १९१९ साली त्यांचे निधन झाले. पुढचे साठाहून अधिक अध्याय लिहिले लक्ष्मीबाईंनी. नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या आणि १९३६ साली नाशिकलाच देह ठेवणाऱ्या या बाईंनी शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते. टिळक प्रॉटेस्टंट पंथाचे होते. म्हणून हा वारसा आम्ही परका मानीत नाही. समीक्षक म्हणून मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे. दोन हातांचे काम एकजीव झाले, असा दावा करू नये. टिळकांचा पिंड संस्कृत पढलेल्या कवीचा, तर लक्ष्मीबाईंची भाषा घरादारात ऐकून कमावलेली. ख्रिस्तोफर टोल्कीन यांनीही वडिलांचे अपुरे ‘सिल्मरिलियन’ १९७७ साली संपादून काढले. पुढे १९८३ ते १९९६ या काळात बारा खंडांत मूळ खर्डे छापून जोडकामाच्या खुणा स्वतःच उघड केल्या. हा प्रामाणिकपणा आम्हांला पूर्णतेहून मोलाचा वाटतो.

तेव्हा वाट पाहण्याच्या दोन तऱ्हा दिसतात. एक सावकाराची: पुस्तक विकत घेतले, आता पुढचे द्या. लेखकाचे वय मोजणारे आणि तो मध्येच गेला तर काय, असे चारचौघांत विचारणारे चाहते या तऱ्हेचे. दुसरी शेजाऱ्याची: तो झालेले तेवढे आपुलकीने ऐकतो, लेखकाच्या संसाराची ओढाताण समजून घेतो आणि वेळ आलीच तर स्वतः लेखणी उचलतो. लेखकानेही दिलेला शब्द हलका मानू नये. मुदत जाहीर करण्यापूर्वी त्याने आपली शक्ती ओळखावी. पण घाईने उरकलेला शेवट हे वाचकावर उपकार नव्हेत.

आपल्या धर्मग्रामातही कोणी कविता लिहीत असेल, कोणी आजोबांच्या आठवणी वहीत उतरवीत असेल. अशा माणसाला ‘पुरे कधी होणार?’ असे विचारण्याऐवजी ‘झाले तेवढे वाचून दाखव’ असे म्हणावे. अनेक वह्या तेवढ्याने पुढे सरकतील.