राणीचा मुन्शी आणि आपल्या वाड्यांतली माणसं

मंडळाच्या गेल्या बैठकीत ‘व्हिक्टोरिया अँड अब्दुल’ या चित्रपटाचा विषय निघाला. एकजण म्हणाले, “विलायतेच्या राणीचं आणि आपल्या ग्वाल्हेरच्या इतिहासाचं काय नातं?” म्हणून घरी येऊन चित्रपट पुन्हा एकदा पाहिला. नातं आहे, आणि ते थोडं टोचणारं आहे.

चित्रपट २०१७चा, दिग्दर्शक स्टीफन फ्रिअर्स. श्राबणी बसू यांच्या पुस्तकावर बेतलेला. गोष्ट अशी : १८८७ साली, राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, आग्र्याच्या तुरुंगातला कारकून अब्दुल करीम विलायतेला जातो. नवरा जाऊन पंचवीस वर्षं झालेली, मर्जीतला स्कॉटिश नोकर जॉन ब्राउनही चार वर्षांपूर्वी वारलेला. एकटी पडलेली राणी या चोवीस वर्षांच्या पोराकडून हिंदुस्तानी शिकू लागते, त्याला आपला ‘मुन्शी’ करते. दरबारी मंडळींच्या पोटात दुखतं. राणी गेल्यावर तिचा मुलगा मुन्शीचे कागद जाळतो आणि त्याला आग्र्याला परत धाडतो.

जुडी डेंच यांचं काम बघण्यासारखं आहे. सुरुवातीच्या मेजवानीत राणी मान खाली घालून नुसती जेवत सुटते, भोवतालचे तिच्या वेगाने कसेबसे खातात. म्हातारपण, कंटाळा आणि सत्ता, तिन्ही त्या एका प्रसंगात दिसतात. याच बाईंनी १९९७ साली ‘मिसेस ब्राउन’मध्ये हीच राणी केली होती. तिथला ब्राउन मात्र राणीशी भांडतो, तिच्यावर ओरडतो. इथला अब्दुल (अली फजल) सुंदर दिसतो, गोड बोलतो, राणीच्या पायाचं चुंबन घेतो, आणि शेवटी आग्र्यात तिच्या पुतळ्याच्या पायाचंही. मधल्या वर्षांत या माणसाला काय हवं होतं, ते चित्रपट विचारतच नाही.

खरा मुन्शी एवढा भोळा नव्हता. त्याने आग्र्याला जमीन मिळवली, किताब मागितले, वडील तुरुंगाच्या दवाखान्यात नोकरीला असताना त्यांचा हुद्दा फुगवून सांगितला. दरबाऱ्यांनी हे सगळं चवीने नोंदवून ठेवलं. मला त्यात नवल वाटत नाही. ज्या घरात प्रत्येकजण हुद्द्यासाठी झटतोय, तिथे यानेच का झटू नये? पण चित्रपटाला निर्मळ अब्दुल हवा, म्हणून त्याचा लोभ कापला आणि त्याबरोबर माणूसही कापला गेला. सोबत आलेल्या महंमदच्या तोंडी साम्राज्याला शिव्या दिल्यात, त्या ऐकायला बऱ्या वाटतात. पण त्याला थंडीने आजारी पाडून विलायतेतच मारून टाकलंय.

आता आपल्या बाजूचं. अब्दुल करीम जन्मला ललितपूरला. तो चंदेरीचा मुलूख १८४४पर्यंत शिंद्यांच्या दौलतीतला. चित्रपटात तो राणीला सत्तावनची अर्धीच हकीकत सांगतो, ते उघडं पडतं, राणी रुसते, मग समजूत पटते. झालं. झाशीवाली राणी जिथे पडली त्या गावात मी राहते. सत्तावन साल दोघांच्या रुसव्याफुगव्यासाठी वापरलेलं पाहून मला चित्रपट बंद करावासा वाटला होता.

दुसरी गोष्ट अशी की मुन्शीचा जवळचा मित्र होता रफिउद्दीन अहमद. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेला, बॅरिस्टर. मुन्शीमार्फत हा दरबारातल्या बातम्या काढतो असा दरबाऱ्यांना संशय होता. १८९७च्या वसंतात राणी फ्रान्समध्ये असताना त्याला तिथून परत पाठवलं. पुढे हाच गृहस्थ मुंबई इलाख्यात मंत्री झाला. त्याच १८९७च्या २२ जूनला, राणीच्या साठ वर्षांच्या उत्सवाच्या रात्री, पुण्यात चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली. प्लेग, दुष्काळ, टिळकांवरचा खटला, सगळं त्याच वर्षातलं. दरबारी मंडळी त्या साली मुन्शीवरून राजीनाम्याच्या धमक्या देत होती. हे एकमेकांशेजारी ठेवलं असतं तर राणीची मैत्री खोटी ठरली नसती, पण तिची किंमत कळली असती. राणी एका हिंदी माणसाला जीव लावत होती आणि तिच्या नावाचं राज्य तसंच चालू होतं. दोन्ही खरं.

इथवर लिहून थांबणार होते. पण चित्रपटातलं कागद जाळणं डोळ्यांपुढून जाईना.

आमची आजी तिशीत विधवा झाली, लाल आलवणात तिचा जन्म गेला. तिच्याकडे एक भिंडकडचा नोकर होता. बाजारहाट तो करी, कुळांकडची येणी तो आणी, आणि दुपारी ओसरीवर बसून तिला हिंदी वाचायला शिकवी. घरात यावरून कुजबुज होती, मोठ्या काकूंना तर तो डोळ्यांसमोर नको असे. आजी गेली आणि तेराव्यानंतर काकांनी त्याला दोन महिन्यांचा पगार देऊन वाटेला लावलं. त्याच्या हातच्या हिशेबाच्या वह्या बंबात गेल्या. मी सात-आठ वर्षांची असेन, त्या पाण्याने मी आंघोळ केली आहे. सगळे त्याला ‘भैया’ म्हणत. त्याचं नाव मला ठाऊक नाही. घरात आता कुणालाच नाही.

मुन्शीचं काहीतरी उरलं, कारण पलीकडे राणी होती. तिच्या हिंदुस्तानीच्या तेरा वह्या विंडसरला आहेत, मुन्शीची रोजनिशी बसूंना त्याच्या नातेवाइकांच्या वंशजांकडे कराचीत सापडली. आपल्या मंडळाने सरदार घराण्यांवर इतके निबंध वाचले, वंशावळी छापल्या. हुजरे, पाणके, स्वयंपाकीण, भैया यांची नावं त्यांत किती? माझ्या स्वतःच्या निबंधात एकही नाही. मी तो काल पुन्हा उघडून पाहिला.

तेव्हा चित्रपट जरूर बघा. मग घरातल्या जुन्या वह्या रद्दीत द्यायच्या आधी एकदा चाळा. पगाराच्या पानावर एखादं नाव असेल. ते उतरून पुढच्या बैठकीला घेऊन या.