पहिल्या पानावरचं मराठी

दर ऑक्टोबरात एक वाक्य हटकून उगवतं : १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि परंपरा सुरू झाली. वाक्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पुढच्या वाक्याबद्दल आहे, कारण तेही सगळीकडे तेच असतं. त्या अंकात कोण लिहीत होतं, जाहिराती कसल्या होत्या, हे पाहायला कुणी गेलेलंच नसतं. गुगलच्या पहिल्या पानावर मिळालं ते थोडं खालीवर केलं, वर ‘चला तर मग जाणून घेऊया’ चिकटवलं, की लेख तयार. रील आणि पॉडकास्टही त्याच शिध्यावर जगतात. आता तर यंत्र दहा सेकंदांत लेख देतं. तेही पहिलंच पान, फक्त जास्त गुळगुळीत.

साधनं नाहीत म्हणून हे होतंय, असं म्हणायचीही सोय नाही. केतकरांचा ज्ञानकोश, वाईचा विश्वकोश घरबसल्या वाचता येतात. मोल्सवर्थचा १८५७चा कोश आणि दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ शिकागो विद्यापीठाने फुकट खुले केलेत. एवढी चंगळ मराठी लेखकाच्या वाट्याला कधी आली नव्हती, आणि लेख मात्र एकमेकांची झेरॉक्स.

मी स्वतः सोवळा नाही. शकात ७८ मिळवले की इसवी सन, एवढ्या भांडवलावर मी एका लेखात माघातल्या घटनेचं साल ठोकून दिलं होतं. एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं. रागावलेलं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. त्यांनी शिवजन्माचंच उदाहरण दिलं होतं : फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. ७८ मिळवले तर १६२९ येतं. पण शक बदलतो चैत्रात आणि इसवी सन जानेवारीत. जानेवारी उजाडल्यापासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ धरायचे. म्हणून १९ फेब्रुवारी १६३०. तीही ज्युलियन तारीख. ग्रेगोरियन गणनेने तो १ मार्च होतो. ऑनलाइन पंचांग तारीख चटकन काढून देतं, पण कुठल्या गणनेने काढली हे सांगतंच असं नाही. तेव्हापासून तिथी दिसली की मी आधी महिना बघतो, मग बेरीज करतो.

पुलं-वपुंच्या नावावर फिरणारी सुभाषितं तर सोडूनच द्या. पुस्तकाचं नाव आणि पान मिळालं नाही, तर संपादकाला कितीही आवडोत, मी ती कापतो.

खरी हानी मात्र भाषेची आहे. सगळे एकाच पानावरून उचलतात, त्यामुळे शब्दही तेच दोन-तीनशे उरलेत. यावर माझ्यापुरता उपाय दाते-कर्वे. तिथे शब्दाशेजारी कंसात बारीक खूण असते : कों. म्हणजे कोकणातला, व. म्हणजे वऱ्हाडातला. पुढे ज्ञानेश्वरीतला दाखला, अध्याय-ओवीसकट. मग ओवी उघडायची, तिच्यात दुसराच शब्द अडतो, तो पाहायला पुन्हा कोशात. संपादकांचा ‘लेख कुठंय?’ म्हणून फोन येतो, तेव्हा मी बहुधा लेखाशी काडीचा संबंध नसलेल्या शब्दावर असतो.