पथ्य नसलेल्यांनी पथ्याचे खावे का?

पुण्यामुंबईसारख्या शहरांत गेल्या काही वर्षांत 'ग्लुटेनमुक्त' अशी पाटी लावलेली उपाहारगृहे निघाली आहेत. या शहरांतून महाबळेश्वरला जाणारी माणसे वाईवरून पसरणीचा घाट चढतात. त्यामुळे शहरातला शब्द वाईच्या बाजारपेठेत पोचायला वेळ लागत नाही. या भागात ज्वारीची, बाजरीची, नाचणीची भाकरी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जात आहे. त्याच भाकरीला आता हे नवे नाव मिळू लागले आहे आणि नावाबरोबर एक वादही आला आहे. ज्यांना गव्हाचे काही पथ्य नाही, अशांनी ग्लुटेनमुक्त उपाहारगृहात जेवावे की नाही?

एक पक्ष म्हणतो, अवश्य जेवावे, कारण ग्लुटेन सर्वांनाच अपायकारक आहे. दुसरा पक्ष म्हणतो, ही सोय आजारी माणसांसाठी आहे. धडधाकट माणसांनी तेथे जाऊन गर्दी करू नये. शिक्षकांच्या खोलीत असा विषय निघाला की सर्वांच्या माना विज्ञानाच्या शिक्षकाकडे वळतात. म्हणून हे दोन्ही पक्ष आपण तपासून पाहू. आमच्या मते दोघांचेही चुकते, पण दोघांची चूक एकाच जागी नाही.

प्रथम ग्लुटेन म्हणजे काय ते पाहू. मूठभर कणीक घट्ट मळा, अर्धा तास झाकून ठेवा आणि मग पातेल्यातील पाण्यात हलक्या हाताने चोळत धुवा. पाणी दुधाळ होते, ते पिष्टामुळे. पाणी बदलत राहिले की शेवटी हातात रबरासारखा चिवट गोळा उरतो. तो ग्लुटेनचा. इटलीतील बेक्कारी या शास्त्रज्ञाने याच रीतीने तो वेगळा केला व त्याचा वृत्तान्त १७४५ साली प्रसिद्ध झाला. गव्हातील ग्लायडिन व ग्लुटेनिन ही प्रथिने पाणी आणि मळण्याचा जोर मिळताच एकमेकांत गुंततात आणि हे जाळे तयार होते. चपाती लाटता येते आणि पाव फुगतो तो याच जाळ्यामुळे. आता ज्वारीचे पीठ घेऊन हाच प्रयोग करा. गोळा पाण्यात विरघळून जातो, हाती काही लागत नाही. ज्वारीत हे जाळे नाही, म्हणूनच भाकरीच्या पिठात गरम पाणी घालतात. उष्णतेने पिष्ट थोडे शिजते व चिकटपणा येतो. एरवी भाकरी थापताना तिला चिरा पडतात.

हे प्रथिन काही माणसांना खरोखरच सोसत नाही. त्यांच्या रोगाला सिलिॲक रोग म्हणतात. ग्लायडिनचे काही तुकडे आपल्या पाचकरसांनी पुरते तुटत नाहीत. बहुतेकांच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही. परंतु विशिष्ट जनुके असलेल्या काही व्यक्तींमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा या तुकड्यांना शत्रू समजते आणि त्या झटापटीत लहान आतड्याचे अस्तर झडते. या अस्तरावर बोटांसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात व त्यांतून अन्नरस शोषला जातो. ते सपाट झाले की खाल्लेले अंगी लागत नाही. मूल वाढत नाही, जुलाब होतात. कधी पोटाची तक्रार मुळीच नसते. फक्त रक्तक्षय असतो आणि लोहाच्या गोळ्या देऊनही तो हटत नाही.

या रोगाचा गव्हाशी असलेला संबंध डिके या डच बालरोगतज्ज्ञाने दाखवून दिला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धाच्या अखेरीस, नेदरलंड्समध्ये उपासमार झाली. पाव मिळेनासा झाला, आणि इतर मुले खंगत असताना हे रोगी मात्र सुधारू लागले. पाव परत आला तसा त्यांचा रोगही परतला. डिके यांना गव्हाचा संशय पूर्वीपासून होता. त्यांचा प्रबंध १९५० साली सिद्ध झाला. या रोगावर आजही मुख्य उपाय एकच आहे: गहू, जव आणि राय ही धान्ये जन्मभर वर्ज्य करणे.

आता पहिला पक्ष घेऊ. हे सर्व वाचून कोणी म्हणेल की मग गहू सर्वांनीच सोडावा. हे अनुमान चुकीचे आहे. एकाला शेंगदाणा बाधतो म्हणून तो सर्वांना विष ठरत नाही. अमेरिकेतील एक लाखाहून अधिक आरोग्यसेवकांच्या आहाराची नोंद सव्वीस वर्षे ठेवून काढलेले निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. सिलिॲक रोग नसलेल्यांत ग्लुटेन कमी खाल्ल्याने हृदयविकार कमी झाला असे त्यांत दिसले नाही. उलट ग्लुटेन टाळण्याच्या नादात सकस अख्खी धान्ये कमी खाल्ली जातील, असा इशारा संशोधकांनी दिला. काहींना सिलिॲक रोग नसूनही गव्हाने पोट फुगल्यासारखे होते, हे खरे. पण नॉर्वेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अशा ५९ जणांना नकळत वेगवेगळे पदार्थ दिले, तेव्हा त्यांना ग्लुटेनपेक्षा फ्रुक्टान या गव्हातील कर्बोदकाचा त्रास अधिक होतो असे आढळले. फ्रुक्टान कांद्यात आणि लसणातही असते.

शिवाय 'ग्लुटेनमुक्त' आणि 'पौष्टिक' हे दोन वेगळे शब्द आहेत. नाचणीची भाकरी ग्लुटेनमुक्त आहे आणि तीत चुनाही भरपूर आहे. तांदळाची पिठी, साबुदाण्यासारखे पिष्ट, साखर व लोणी यांचा केकही ग्लुटेनमुक्तच असतो. भाकरी खावी ती तिच्या गुणांसाठी. गव्हाला गुन्हेगार ठरवण्याची त्यासाठी गरज नाही.

गहू स्वतःच्या मनाने सोडण्यात आणखी एक धोका आहे. सिलिॲक रोगाचे निदान रक्तातील प्रतिपिंडे व आतड्याचा तुकडा तपासून होते आणि त्या वेळी रोगी गहू खात असावा लागतो. आधीच गहू बंद केला असेल तर तपासणीत रोग लपून राहू शकतो. एखाद्या विद्यार्थ्याविषयी शंका आली तर पालकांना प्रथम डॉक्टरांकडे पाठवावे. आहारात बदल त्यानंतर करावा.

आता दुसरा पक्ष. निरोगी माणसाने तेथे जेवूच नये, हे म्हणणे सहृदय वाटते. पण हिशेब करून पाहावा. उत्तर भारतात या रोगाचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आढळले आहे, दक्षिणेत त्याहून पुष्कळ कमी. वाई शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत छत्तीस हजारांच्या आसपास होती. हजारात एक रोगी धरला तर सबंध गावात छत्तीस जण होतात. त्यांतील बहुतेकांना आपला रोग ठाऊकही नसणार. उरलेल्यांपैकी रोज बाहेर जेवणारे किती? तेवढ्या गिऱ्हाइकांवर कोणाचीही चूल पेटती राहणार नाही. पथ्य नसलेली माणसे येतात म्हणूनच पथ्यवाल्यासाठी दुकान उघडे राहते, पीठ ताजे राहते आणि भाव आवाक्यात राहतो.

हे आपल्याला नवीन नाही. घरात एकाचा उपास असला की साबुदाण्याची खिचडी सगळे खातात. त्यामुळे ती जास्त होते, गरम होते आणि उपास करणारा पंगतीत एकटा पडत नाही. पथ्य पाळणाऱ्या माणसाला अन्नाइतकीच सोबतीची गरज असते. विशेषतः लहान मुलाला.

मग निरोगी गिऱ्हाइकाकडून काहीच बिघडत नाही का? बिघडते, आणि ते शब्दाच्या बाबतीत बिघडते. ज्या वाईत मराठी विश्वकोशाचे काम चालले, त्या गावाला शब्दाच्या अर्थाचे महत्त्व सांगायला नको. 'ग्लुटेनमुक्त' या शब्दाचा अर्थ ठरलेला आहे: एक किलो अन्नात २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नाही. ही मर्यादा आंतरराष्ट्रीय आहे आणि भारतातही तीच मानली आहे. ती किती कडक आहे ते पाहा. शंभर ग्रॅम कणकेत ढोबळ मानाने ८ ग्रॅम ग्लुटेन असते. चपाती लाटताना लावायची पिठी चिमूटभर, म्हणजे पाव ग्रॅम, उडाली तरी तीत २० मिलिग्रॅम ग्लुटेन आले. ते २०० ग्रॅमच्या ताटात पडले तर प्रमाण किलोमागे १०० मिलिग्रॅम होते, मर्यादेच्या पाचपट. हे रोज घडत राहिले तर ती क्षुल्लक बाब राहत नाही. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेल्यास रोग्याच्या आतड्याला इजा होऊ शकते, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसले आहे.

म्हणजे ज्वारीची भाकरी गव्हाच्या चपातीच्याच तव्यावर भाजली तर पाटी खोटी ठरते. ज्वारी गिरणीत गव्हाच्या दळणानंतर दळली तरी तेच. बाजारच्या हिंगात पुष्कळदा मैदा मिसळलेला असतो, म्हणजे आमटीही संशयास्पद. थालीपिठाच्या भाजणीत अनेक घरी गहू असतो. निरोगी गिऱ्हाइकाला यातले काहीच बाधत नाही. त्यामुळे तो विचारत नाही, आणि तो विचारत नाही म्हणून मालकही काळजी घेत नाही. त्याहून वाईट म्हणजे काही जण 'मला ग्लुटेन चालत नाही' असे सांगून भाकरी मागवतात आणि पाठोपाठ शेवयांची खीर घेतात. वाढणारा त्यातून धडा घेतो की हे सगळे नखरे आहेत. पुढे खरा रोगी येऊन तेच वाक्य बोलतो तेव्हा त्याच्यावर विश्वास बसत नाही.

खपली गव्हाचे उदाहरण आमच्या भागातलेच आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर या कृष्णाकाठच्या जिल्ह्यांत हा जुना गहू पिकतो, त्याची खीर पंगतीत मानाची असते. अलीकडे तो 'ग्लुटेन नसलेला' किंवा 'गव्हाची ॲलर्जी असणाऱ्यांना चालणारा' म्हणून विकला जाताना आढळतो. खपलीची जात निराळी आहे, हे खरे. साध्या गव्हात ४२ गुणसूत्रे असतात, खपलीत २८. तिचे ग्लुटेन कमी चिवट असते. पण ते असते. वरचा प्रयोग खपलीच्या पिठावर करून पाहा, गोळा मऊ निघेल, पण निघेल. सिलिॲक रोग्याला खपली वर्ज्यच आहे. निरोगी माणूस ती खाऊन 'मला हलके वाटले' असे सांगतो, त्याचे सांगणे प्रामाणिकही असते. पण त्या अनुभवावरून रोग्यासाठी निष्कर्ष काढता येत नाही. (हा प्रयोग ग्लुटेन दाखवतो, त्याचा लेश दाखवत नाही. गोळा उरला नाही म्हणून पीठ सुरक्षित आहे, असे विद्यार्थ्यांना वाटू देऊ नये.)

लेशमात्र धान्य दूर ठेवणे आपल्याला अशक्य आहे का? मुळीच नाही. राजगिऱ्याचे किंवा वरईचे उपासाचे दळण द्यायचे असले की घरची बाई गिरणीवाल्याला बजावते, 'आधी गिरणी झाडून घ्या.' तो झाडतो, कारण त्याला त्याचे कारण पटलेले असते. तेवढीच दक्षता वेगळ्या कारणासाठी घ्यायची आहे. वेगळा तवा, वेगळे पोळपाट, वेगळे दळण. आणखी एक आठवण ठेवावी. जुन्या सोवळ्यात माणसाला स्वयंपाकघरापासून दूर ठेवले जाई. येथे दूर ठेवायचे आहे ते पीठ. जेवायला कोणीही यावे.

तेव्हा आमचे उत्तर असे. पथ्य नसलेल्यांनी तेथे अवश्य जेवावे, मात्र त्या जागेचे पथ्य पाळावे. बरोबरची बिस्किटे, पोळीचा डबा तेथे उघडू नये. नसलेला आजार सांगू नये. आपल्याला गरज नसली तरी 'तवा वेगळा आहे का, पीठ कोठून दळता, हिंग कोणता वापरता' हे विचारावे. दहा जणांनी विचारले की अकराव्याची सोय होते. अन्न थोडे उरले असेल तर पथ्यवाल्याला आधी वाढू द्यावे.

शाळेत हे सहज करून पाहण्यासारखे आहे. वाईला सहल येते. मुले ढोल्या गणपती पाहतात, मेणवलीचा घाट आणि नाना फडणविसांचा वाडा पाहतात आणि दुपारी कोठेतरी जेवायला बसतात. समजा चाळीस मुलांत एकाला हा रोग आहे. त्याला डबा देऊन कोपऱ्यात बसवता येईल. किंवा आधी चौकशी करून, तवा आणि दळण वेगळे ठेवणाऱ्याकडे चाळीसही जणांसाठी ज्वारीची भाकरी, पिठले आणि भात सांगता येईल. एकोणचाळीस मुलांना त्या दिवशी चपाती मिळाली नाही तर त्यांचे काही बिघडणार नाही. फक्त वर्गाने निघण्यापूर्वी कणकेचा तो प्रयोग करून पाहिलेला असावा, म्हणजे आपण आज भाकरी का खातो आहोत, हे प्रत्येकाला माहीत असेल.