संगणकशास्त्राचे एक जुने पाठ्यपुस्तक आणि आपला अभ्यासक्रम

बारावीचा निकाल लागला की विद्यार्थी आणि पालक शिक्षकांकडे एक ठरावीक प्रश्न घेऊन येतात : 'कॉम्प्युटर सायन्सला कोणकोणत्या लँग्वेज शिकवतात?' यात विचारणाऱ्याचा दोष नाही. पहिल्या वर्षी सी, मग जावा, मग पायथन, अशा याद्याच त्याच्या कानावर आलेल्या असतात. परंतु पदवीपासून एम.एस्सी.पर्यंतची उमेदीची वर्षे आणि घरच्यांची पुंजी खर्चून विद्यार्थ्याने नेमके काय मिळवावे, हा प्रश्न या यादीने सुटत नाही. त्याचा विचार करण्यासाठी आम्ही येथे एका जुन्या पाठ्यपुस्तकाचे परीक्षण करणार आहोत.

पुस्तकाचे नाव 'स्ट्रक्चर अँड इंटरप्रिटेशन ऑफ कॉम्प्युटर प्रोग्राम्स'. हॅरॉल्ड अ‍ॅबल्सन आणि जेराल्ड सस्मन यांनी ज्युली सस्मन यांच्या सहकार्याने ते लिहिले. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेतील प्राथमिक अभ्यासक्रमासाठी ते तयार झाले. पहिली आवृत्ती १९८५ साली आणि दुसरी १९९६ साली निघाली. त्यातील प्रोग्रॅम लिस्प कुळातील 'स्कीम' या भाषेत आहेत. या भाषेचे नियम इतके थोडे आहेत की ते शिकवण्यासाठी वेगळा धडाही लागत नाही. २ आणि ३ यांची बेरीज (+ २ ३) अशी लिहायची, एवढे कळले की गाडी सुरू होते. भाषेवर वेळ न घालवता लगेच विचाराकडे वळता यावे, असा लेखकांचा हेतू आहे.

हा हेतू का महत्त्वाचा, हे आम्हाला एका अनुभवातून कळले. काही वर्षांपूर्वी आम्ही एका महाविद्यालयात प्रात्यक्षिक परीक्षेसाठी बाहेरचे परीक्षक म्हणून गेलो होतो. एका विद्यार्थ्याला स्लिप आली : फिबोनाची श्रेणी छापा. या श्रेणीतील प्रत्येक पद म्हणजे आधीच्या दोन पदांची बेरीज. त्याने दोन-तीन मिनिटांत बिनचूक प्रोग्रॅम लिहिला. आम्ही म्हणालो, "आता प्रत्येक पद आधीच्या तीन पदांची बेरीज असेल असे करा." तो बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला आणि शेवटी म्हणाला, "सर, हा जर्नलमध्ये नाही." मुलगा हुशार होता. त्याला प्रोग्रॅम पाठ होता, पण प्रोग्रॅममध्ये काय घडते ते कोणी दाखवले नव्हते.

हीच श्रेणी या पुस्तकात कशी येते ते पाहण्यासारखे आहे. (आपल्याकडे विरहांक आणि बाराव्या शतकातील हेमचंद्र यांनी मात्रावृत्तांतील लघु-गुरूंच्या रचना मोजताना हेच आकडे मिळवले होते.) श्रेणीची व्याख्या जशीच्या तशी प्रोग्रॅममध्ये उतरवली, तर पाचवे पद काढताना संगणक तिसरे पद दोनदा काढतो, दुसरे तीनदा काढतो, आणि एकूण १५ वेळा त्याच कृतीला हात घालतो. हिशोब पुढे नेला, तर ३० व्या पदासाठी हा आकडा २६,९२,५३७ वर जातो. मागची दोन पदे लक्षात ठेवून पुढे सरकत गेले, तर सुमारे ३० पायऱ्यांत काम होते. उत्तर दोन्ही वेळा तेच, कष्टांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. लिहिलेला प्रोग्रॅम ही एक गोष्ट आणि तो चालताना घडणारी प्रक्रिया ही दुसरी गोष्ट, हा भेद पुस्तक पहिल्याच प्रकरणात शिकवते. आमच्या मते संगणकशास्त्राची खरी सुरुवात येथून होते.

त्याच प्रकरणातील दुसरे उदाहरण मोडीचे आहे. एका डॉलरची मोड ५०, २५, १०, ५ आणि १ सेंटच्या नाण्यांनी किती प्रकारे देता येईल? आपल्याकडेही एकेकाळी याच किमतींची पैशांची नाणी होती. त्यांतील २५ पैसे आणि त्याखालची नाणी २०११ साली चलनातून बाद झाली. (२, ३ आणि २० पैशांची नाणी तूर्त बाजूला ठेवू.) तेव्हा हा प्रश्न आपल्या रुपयालाही तसाच लागू पडतो. उत्तर आहे २९२. ते मिळवण्याची युक्ती एका वाक्याची आहे : सर्वांत मोठे नाणे अजिबात न वापरता होणारे प्रकार, अधिक ते नाणे एकदा देऊन उरलेल्या रकमेचे प्रकार.

ही युक्ती फळ्यावरही करता येते. १० पैशांची मोड १०, ५ आणि १ पैशाच्या नाण्यांनी द्यायची आहे. दहाचे नाणे दिले तर काहीच उरत नाही, म्हणजे एक प्रकार. ते न वापरता ५ आणि १ च्या नाण्यांनी तीन प्रकार होतात : दोन पाच, एक पाच व पाच एक, किंवा दहा एक. एकूण चार. मोठा प्रश्न त्याच जातीच्या लहान प्रश्नांत मोडण्याच्या या रीतीला रिकर्शन म्हणतात. त्यासाठी वर्गात संगणक असण्याचीही गरज नाही.

पुढची प्रकरणे क्रमाने वर चढत जातात. दुसऱ्यात माहितीची मांडणी कशी करावी हे येते. तिसऱ्यात काळ आणि बदल येतात. समजा, नवरा-बायकोच्या संयुक्त खात्यात १०० रुपये आहेत. एक जण १० रुपये काढतो आणि त्याच क्षणी दुसरा २५ काढतो. दोघांच्या व्यवहारांनी आधीची शिल्लक १०० अशीच वाचली, तर शेवटी खात्यात ६५ ऐवजी ७५ किंवा ९० उरतील. एका वेळी अनेक कामे चालवणाऱ्या प्रत्येक यंत्रणेला या अडचणीला तोंड द्यावे लागते. चौथ्या प्रकरणात विद्यार्थी स्कीम भाषेतच स्कीम भाषेचा इंटरप्रिटर लिहितो. पाचव्यात तो थेट यंत्राच्या पातळीवर उतरतो आणि कंपायलर बांधतो. पहिल्या पानावर ज्या भाषेत बेरीज केली, ती भाषा चालते कशी हे अखेरीस त्याच्या हातात येते. पदवीच्या पहिल्या वर्षापासून एम.एस्सी.पर्यंत जाणारा इतका सलग धागा आम्हाला दुसऱ्या पुस्तकात क्वचितच आढळला.

आता दोष. पहिला दोष उदाहरणांचा. वर्गमूळ काढण्याची न्यूटनची रीत, विकलन, संकलन, विद्युत मंडले अशी उदाहरणे पुस्तकात पानोपानी आहेत. ज्याचे गणित कच्चे आहे तो विद्यार्थी उदाहरणातच अडकतो आणि मूळ मुद्दा निसटतो. दुसरा दोष असा की साडेतीनशेहून अधिक प्रश्न देऊनही लेखकांनी उत्तरे दिलेली नाहीत. प्रोग्रॅम रचायला नेमकी सुरुवात कोठून करावी, याची पायरीवार रीतही सांगितलेली नाही. मथायस फेलायझन आणि सहकाऱ्यांनी २००१ साली 'हाऊ टु डिझाईन प्रोग्राम्स' हे पुस्तक लिहिले, ते ही उणीव भरून काढण्यासाठीच. तिसरा आक्षेप फिलिप वॅडलर यांनी १९८७ सालीच घेतला होता. प्रोग्रॅम बरोबर आहे हे गणिताने सिद्ध करणे स्कीममध्ये अवघड जाते आणि त्यासाठी अधिक सोयीच्या भाषा उपलब्ध आहेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो आम्हाला पटतो. याशिवाय डेटाबेस, संगणकांची जाळी, सुरक्षा हे विषय पुस्तकात जवळजवळ नाहीत आणि अल्गोरिदमच्या कार्यक्षमतेचा विचार थोडक्यात आटोपला आहे. त्यासाठी इतर पुस्तके लागतीलच.

खुद्द एम.आय.टी.ने पाव शतकाहून अधिक काळ चालवलेला हा अभ्यासक्रम २००८ च्या सुमारास बंद केला आणि पायथनवर आधारलेला नवा सुरू केला. आजचा अभियंता सारे काही मुळापासून बांधत नाही, इतरांनी लिहिलेले तयार भाग जोडतो, असे त्याचे कारण सांगण्यात आले. हे वर्णन खरे आहे. पण त्यावरून मुळाचे शिक्षण नको, असा निष्कर्ष आम्ही काढणार नाही. तयार भाग चुकला तर तो उघडून पाहणारा कोणीतरी लागतोच. आज तर सांगितल्याबरोबर प्रोग्रॅम लिहून देणाऱ्या यंत्रणा विद्यार्थ्यांच्या हाती आल्या आहेत. आमच्या त्या परीक्षार्थ्याने पाठ केलेला प्रोग्रॅम त्या क्षणार्धात देतील. मिळालेला प्रोग्रॅम ३० पायऱ्यांत काम करतो की सत्तावीस लाख, आणि संयुक्त खात्यातले पैसे तो सांभाळतो की नाही, हे ठरवणे माणसाकडेच राहते. ज्याला केवळ भाषेचे नियम येतात, त्याला हे ठरवता येणार नाही.

म्हणून आमची सूचना माफक आहे. हे पुस्तक आपल्या विद्यापीठांत जसेच्या तसे लावावे असे आम्ही म्हणत नाही. पहिली दोन प्रकरणे, उदाहरणे बदलून, पदवीच्या सुरुवातीला घ्यावीत. तिसरे पदवीच्या अखेरीस. चौथे आणि पाचवे एम.एस्सी.ला. भाषा कोणतीही चालेल. २०२२ साली या पुस्तकाची जावास्क्रिप्टमधील आवृत्तीही निघाली आहे. मूळ दुसरी आवृत्ती इंटरनेटवर विनामूल्य वाचता येते, त्यामुळे किमतीची अडचण नाही. परीक्षेत मात्र एक बदल हवा : स्लिपवरचा प्रोग्रॅम लिहून झाला की त्यात एक लहानसा फेरफार करायला सांगावा आणि निम्मे गुण त्याला ठेवावेत.

शाळेतील शिक्षकांनी यासाठी विद्यापीठाची वाट पाहण्याचे कारण नाही. दहा पैशांच्या मोडीचा प्रश्न आठवीच्या वर्गातही घालता येतो. मुलांना आधी चारही प्रकार लिहू द्यावेत, मग पंधरा पैशांचे प्रकार न लिहिता मोजायला सांगावे. दहाचे नाणे घेतले तर उरतात पाच, न घेतले तर पंधराच. ज्या मुलाला या वाटणीची गंमत वाटेल, त्याला संगणकशास्त्राकडे जायला खुशाल सांगावे. कोणत्या लँग्वेज शिकवतात, ही चौकशी त्याने नंतर केली तरी चालेल.