दोन संस्थांचा एक अहवाल

नागरिकांच्या हक्कांसाठीं झटणाऱ्या मंडळ्यांची देशव्यापी संघटना कशी उभी राहते, असा प्रश्न केल्यास बहुतेक लोक परिषदांकडे व ठरावांकडे बोट दाखवितील. आमच्या मतें ती एकत्र केलेल्या चौकशींतून उभी राहते. 'हू आर द गिल्टी?', म्हणजे 'दोषी कोण?', ही नोव्हेंबर १९८४ मधील लहानशी पुस्तिका याची उत्तम साक्ष आहे.

१९३६ सालीं पंडित नेहरूंच्या पुढाकारानें नागरिक स्वातंत्र्यासाठीं संघ निघाला व रवींद्रनाथ त्याचे अध्यक्ष झाले; परंतु एवढीं थोर नांवें असूनहि तो फार काळ टिकला नाहीं. पुढें १९७६ त, ऐन आणीबाणींत, जयप्रकाश नारायण यांनीं नवा संघ स्थापिला. १९८० च्या सुमारास त्याच्याहि दोन संस्था झाल्या: 'पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज' व 'पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स'. पहिलीचें अध्यक्षपद न्यायमूर्ति वि. म. तारकुंडे यांजकडे आलें.

३१ ऑक्टोबर १९८४ रोजीं इंदिरा गांधींची हत्या झाली आणि दिल्लींत शिखांचें शिरकाण सुरू झालें. त्या वेळीं ह्याच दोन संस्था एकत्र निघाल्या. पीडित, त्यांचे शेजारी, पोलीस अधिकारी व पुढारी यांना भेटून त्यांनीं त्याच महिन्यांत अहवाल छापला. हा क्षोभ आपोआप उसळलेला नसून योजनापूर्वक घडविलेला होता, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

अहवालाची भाषा कोरडी आहे; हाच आम्हांस तिचा मोठा गुण वाटतो. दोन मतांच्या मंडळींनीं एका मजकुराची जबाबदारी घ्यावयाची, म्हणजे प्रत्येक वाक्य दोघांनाहि पटलें पाहिजे. तेथें अतिशयोक्तीस वाव कोठून राहणार?

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. पीडितांनीं घेतलेलीं नांवें परिशिष्टांत दिलीं आहेत. परंतु उलटतपासणी हें पुस्तिकेचें काम नव्हे. आरोप व सिद्ध दोष यांतील अंतर वाचकानें विसरतां कामा नये.

तें अंतर तोडणें हें न्यायासनाचें काम होतें. १९८७ त सरकारी समितीनें दिल्लींतील मृतांचा आकडा २,७३३ ठरविला. एका माजी खासदारास उच्च न्यायालयानें दोषी ठरविलें तें २०१८ त. इतक्या विलंबांत घटनेचा विसर पडूं न देणें, हें ह्या पुस्तिकेचें खरें कार्य. परिषदांचे ठराव दप्तरांत राहतात. असा अहवाल मात्र लोकांच्या स्मरणांत राहतो.