महादजी शिंदे यांचे वेल्सकृत व्यक्तिचित्र : एक चिकित्सा

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठी सेनानींपैकी ज्यांचा चेहरा आजच्या वाचकाला परिचित वाटतो, त्यांत महादजी शिंदे यांचे स्थान वरचे आहे. हा परिचय प्रामुख्याने जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या तैलचित्रामुळे झाला आहे. चरित्रग्रंथ, दिनदर्शिका, क्रमिक पुस्तके आणि स्मरणिका यांतून या चित्राच्या प्रती पुनःपुन्हा छापल्या जातात. तथापि चित्र कोणी काढले, कोणत्या प्रसंगी काढले, कोणाच्या आश्रयाने काढले, याचा उल्लेख त्या प्रतींखाली क्वचितच असतो. ऐतिहासिक पत्र छापताना तिथी, लेखक आणि मायना यांची काटेकोर नोंद करणारे संपादकही चित्र छापताना ही शिस्त पाळत नाहीत. पत्र हा पुरावा आणि चित्र ही सजावट, असा भेद त्यामागे गृहीत धरलेला दिसतो. हा भेद महादजींच्या बाबतीत विशेष दिशाभूल करणारा आहे.

शिंदे घराणे सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यातल्या कण्हेरखेडचे. तेथील पाटिलकी हा महादजींच्या अभिमानाचा विषय होता. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावरून माघार घेताना पाठलाग करणाऱ्या अफगाण स्वाराच्या घावाने त्यांचा पाय कायमचा अधू झाला. राणेखान नावाच्या भिस्त्याने बैलावर घालून त्यांना वाचविले आणि महादजींनी पुढे त्याला भाऊ मानून सरदारकीला चढविले. १७८२ चा सालबाईचा तह, १७८४ मध्ये बादशहाकडून मिळालेले वकील-इ-मुतलकीचे अधिकार, द बॉयनच्या कवायती पलटणी आणि १७९० मधील पाटण व मेडता येथील विजय, या टप्प्यांनी त्यांची सत्ता उत्तरेत अनिर्बंध झाली. जून १७९२ मध्ये ते पुण्यास आले ते या सामर्थ्यानिशी. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडी येथे त्यांचा अंत झाला. वेल्सशी त्यांचा संबंध आला तो या वीस महिन्यांच्या मुक्कामात.

वेल्स हा मूळचा पीटरहेडचा. १७९१ मध्ये तो हिंदुस्थानात आला आणि पुण्यातील इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या पाठिंब्याने त्याचा पेशव्यांच्या दरबारात प्रवेश झाला. मॅलेटचे काम दरबारातील माणसे जाणून घेण्याचे होते आणि वेल्सचे काम त्यांचे चेहरे टिपण्याचे. दोन्ही कामे एकच होती असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल, परंतु दोघेही एकाच दारातून आत गेले होते हे विसरता येत नाही.

या चित्रांचे नावीन्य समजण्यासाठी तत्पूर्वीची परंपरा लक्षात घ्यावी लागते. सातारा जिल्ह्यातच, मेणवली येथील नाना फडणिसांच्या वाड्यात आणि वाईच्या मोतीबागेत, उत्तर पेशवाईतील भित्तिचित्रे आहेत. तेथील चिताऱ्यांचा मुख्य विषय पौराणिक. आकृती रेषेने बांधलेली, रंग सपाट आणि चेहरा बहुधा एकचष्मी. अशा चित्रात माणूस ओळखला जातो तो पगडी, अलंकार, आसन आणि भोवतालच्या मंडळींच्या अंतरावरून. म्हणजे चेहऱ्यापेक्षा दर्जा आधी वाचला जातो. वेल्सच्या तैलरंगात एका बाजूने येणारा प्रकाश, गालाखालची सावली, कातडीचा पोत यांना महत्त्व आले. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचे त्याने १७९२ मध्ये काढलेले आणि लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत असलेले चित्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. बैठकीवरील तरुण पेशवा, जवळ बसलेले नाना आणि मागे उभे सेवक ही मांडणी दरबारी रिवाजाला धरून आहे; चेहरे मात्र रिवाजाच्या बाहेरचे आहेत. मान पेशव्याचा आणि जबाबदारी नानांची, हे तत्कालीन वास्तव शब्दांवाचून कळते.

महादजींच्या चित्राला अशी सोय नाही. तेथे अर्थ पुरविणारे दुसरे माणूस जवळ नाही. रणांगण नाही, फौज नाही, ज्या पलटणींच्या बळावर दिल्ली हाती ठेवली त्यांचा मागमूस नाही. साठीतला एक प्रौढ पुरुष शांतपणे चित्रकारासमोर आहे. ही शांतता वीरपुरुषाच्या स्थैर्याची खूण म्हणून सामान्यतः वाखाणली जाते. परंतु याच मुक्कामात, १७९३ मध्ये, त्यांच्या फौजेने लाखेरी येथे होळकरांच्या फौजेचा पराभव केला. मराठी दौलतीचे दोन आधारस्तंभ उत्तरेत परस्परांवर तोफा डागत होते आणि पुण्यात महादजी व नाना यांच्यात अधिकाराची ओढाताण चालू होती. चित्रातील स्वस्थतेचा भोवताल हा असा अस्वस्थ आहे. सेनापती रणापासून दूर बसून रण चालवू लागला, ही त्या दशकातील युद्धपद्धतीतली मोठी घडामोड होती. चित्र तिची साक्ष देते. मात्र पाहणाऱ्याला तारखा ठाऊक असल्या तरच.

दुसरी उणीव माध्यमाचीच आहे. समकालीनांच्या मनातील महादजींची आकृती लंगडणारी होती. लंगडणे ही हालचाल आहे, ती स्थिर चित्रात दिसत नाही. वेल्सला याचा दोष देता येणार नाही. परंतु पानिपताची जी खूण या माणसाने तेहतीस वर्षे अंगावर वागविली, तीच त्याच्या सर्वांत प्रसिद्ध प्रतिमेतून वगळली गेली आहे, याची नोंद चित्राखाली झाली पाहिजे.

या ठिकाणी साताऱ्यातील आणखी एका स्कॉटिश गृहस्थाची आठवण होणे अपरिहार्य आहे. १८१८ नंतर साताऱ्यास रेसिडेंट असलेल्या जेम्स ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात महादजींच्या पुणेभेटीचे शब्दचित्र रेखाटले आहे. हत्तीवरून आधीच उतरणे, दरबारात सर्वांच्या खाली बसणे, काखेतील गाठोडे सोडून त्यातील नवे जोडे पेशव्यापुढे ठेवणे आणि हाच आपल्या वडिलांचा व्यवसाय असे सांगणे, हा प्रसंग मराठी वाचकाला पाठ आहे. त्यानंतर फर्मानवाडीचा थाटाचा समारंभ झाला आणि बादशाही खिलती अर्पण केल्या गेल्या. योगायोगाची गोष्ट अशी, की वेल्स आणि डफ दोघेही अ‍ॅबरडीनच्या मारिशल कॉलेजचे विद्यार्थी. एकाच विद्यालयातून आलेल्या दोघांनी, तीन दशकांच्या अंतराने, एकाच माणसाची दोन चित्रे दिली आणि ती परस्परांशी जुळत नाहीत.

डफचा महादजी नाटकी आहे. त्याची नम्रता हे सोंग आहे, असे वाचकाने समजावे अशीच त्या वर्णनाची रचना आहे. वेल्सच्या चित्रात सोंग नाही. अर्थात यावरून वेल्सचे चित्र अधिक खरे ठरत नाही. स्वतःला पाटील म्हणविणारा आणि त्याच वेळी बादशहाचा सर्वाधिकारी प्रतिनिधी असणारा हा मुत्सद्दी, आपण कोणापुढे कसे दिसावे याची पक्की जाण असलेला होता. पेशव्यापुढे त्याने जोडे धरले. इंग्रज चित्रकारापुढे त्याने प्रतिष्ठित स्वस्थता धरली. दोन्ही प्रसंगी प्रतिमेचा एक कर्ता तो स्वतः होता. चित्रकाराच्या कौशल्याचे गुणगान करताना चित्रविषयाचे हे कौशल्य समीक्षेतून निसटते.

वेल्सच्या पदरी एक श्रेय मात्र निःसंकोचपणे टाकावे लागते. त्याच्या कुंचल्यात तुच्छता नाही. एतद्देशीय सत्ताधीशांना विलासी किंवा क्रूर ठरविणारी दृष्टी पुढील शतकात जशी रुळली, तशी ती येथे आढळत नाही. १७९२ मध्ये पुणे दरबार ही इंग्रजांना गरजेची सत्ता होती, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण वेल्सच्या कामाच्या पद्धतीत असावे. वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढताना गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराचा त्याला सहवास लाभला होता, आणि शनिवारवाड्यात चित्रशाळा उघडली गेली तीही याच मंडळींच्या खटपटीतून. नोव्हेंबर १७९५ मध्ये ठाण्यास वेल्सचा मृत्यू झाला, त्याच्या आदल्याच महिन्यात सवाई माधवरावही निवर्तले होते.

चित्राच्या मर्यादा अधिक स्पष्ट होतात त्या सांगली जिल्ह्याकडे वळल्यावर. तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन हे महादजींचे समकालीन. १७९०-९१ मध्ये धारवाडला साडेसहा महिने वेढा घालून त्यांनी तो किल्ला घेतला. १७९९ मध्ये कोल्हापूरकरांशी लढताना पट्टणकुडीवर ते पडले. त्यांच्या मोहिमेवर कॅप्टन लिटलच्या पलटणीतील एडवर्ड मूर याने १७९४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. तरीही भाऊंचा चेहरा मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे सहजी येत नाही. भाऊ परिचित आहेत ते मिरजेचे शिक्षक वासुदेवशास्त्री खरे यांनी १८९७ पासून प्रसिद्ध केलेल्या ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’तून. पटवर्धनी दप्तरातील त्या पत्रांत दाणागोटा, थकलेले पगार, पावसाने अडलेली वाट, घरच्या माणसांची प्रकृती हे सर्व आहे. सेनापतीपणाचा खरा तपशील हाच. तैलचित्रात त्यातला एकही धागा येत नाही. मात्र पत्रेही पूर्ण नसतात. माणूस समोर बसल्यावर त्याचे वजन कसे जाणवत असेल, हे कोणत्याही दप्तरातून कळत नाही. ते वेल्सच्या महादजींपुढे कळते.

खरे मिरजेस पत्रे छापीत होते, त्या काळात साताऱ्यास दत्तात्रय बळवंत पारसनीस कागदांबरोबर चित्रेही जमवीत होते. मेणवली दप्तर त्यांच्या हाती आले आणि ‘इतिहाससंग्रह’ मासिकातून त्यांनी बरीच साधने उजेडात आणली. कागद आणि चित्र एका छताखाली ठेवण्याची ही दृष्टी त्या पिढीत दुर्मीळ होती. तो संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. वेल्सची रोजनिशी आणि रेखाटने अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रात आहेत. कण्हेरखेड आणि तासगाव यांच्या परिसरातील महाविद्यालयांना मूळ साधने जवळ नाहीत. ज्या आहेत त्या प्रती. अशा स्थितीत इतिहास विभागाच्या भिंतीवर लावलेल्या महादजींच्या छापील चित्राखाली निदान चार गोष्टी लिहिता येतील : चित्रकार जेम्स वेल्स, स्थळ पुणे, काळ १७९२ ते १७९४, मध्यस्थ इंग्रज रेसिडेंट. आणि शक्य झाल्यास पाचवी, पानिपतापासून अधू असलेल्या त्या पायाची.