पांढरा डगला आणि शंकेचा अधिकार

हॉलिवुडच्या आरंभीच्या वैद्यकीय बोलपटांत डॉक्टर गोरा आणि कृष्णवर्णीय माणूस नोकर किंवा रोगी, हा शिरस्ताच होता. त्यास ठळक अपवाद म्हणून जॉन फोर्ड यांच्या 'ॲरोस्मिथ'कडे (१९३१) बोट दाखविण्यात येते, आणि ते योग्यच आहे. सिंक्लेअर लुइस यांच्या १९२५ च्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात वेस्ट इंडीजमधील एका बेटावर प्लेगाशी झुंजणारा डॉ. मर्चंड हा कृष्णवर्णीय असून हॉवर्ड विद्यापीठात शिकलेला आहे. क्लॅरेन्स ब्रुक्स यांनी तो लाचारीचा वा विदूषकीपणाचा स्पर्शही होऊ न देता उभा केला आहे. (नायक रोनाल्ड कोलमन यांचे अस्सल इंग्रजी उच्चार अमेरिकी खेड्यातील डॉक्टरच्या तोंडी विचित्र वाटतात, पण तो मुद्दा निराळा.)

एवढे श्रेय देऊनही आम्हांला विचारावेसे वाटते : हा मर्चंड कथेत करतो काय? ॲरोस्मिथला आपल्या लसीची कसोटी पाहावयाची आहे. निम्म्यांना टोचावयाची, निम्म्यांना जाणूनबुजून वगळावयाचे. गोरे अधिकारी हे मान्य करीत नाहीत. तेव्हा मर्चंड आपली माणसे देऊ करतो. अंतर्द्वंद्व सारे ॲरोस्मिथच्या वाट्याला, मर्चंडच्या वाट्याला केवळ संमती! आणि प्रयोग मोडतो तो बेटावरील मृतांमुळे नव्हे. ॲरोस्मिथची पत्नी प्लेगाने दगावते, तेव्हा तो सर्वांना लस देऊ लागतो.

पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, अलाबामातील टस्कीगी येथे सरकारी आरोग्यसेवेने उपदंशग्रस्त शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांवाचून निरीक्षणाखाली ठेवण्यास प्रारंभ केला. हा प्रकार १९७२ पर्यंत चालला. चित्रपटामुळे तो घडला, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु मर्चंडची उदार संमती ज्या प्रेक्षकाला स्वाभाविक वाटली, त्याला टस्कीगीत काही खटकण्याचे कारण उरले नसावे.

मँकीविट्झ यांच्या 'नो वे आउट'मध्ये (१९५०) मात्र सिडनी पॉटिए यांच्या तरुण डॉक्टरला शंकेचा अधिकार मिळतो. जखमी गोऱ्या दरोडेखोराच्या मेंदूत गाठ असावी या तर्काने तो त्याच्या कण्यातील पाणी काढतो. रोगी मरतो, भाऊ खुनाचा आरोप करतो. आपले निदान चुकले काय, या प्रश्नाने पोळलेला हा डॉक्टर शवविच्छेदन व्हावे म्हणून खुनाची कबुलीही देतो. शवविच्छेदनात त्याचे निदान बरोबर ठरते. ते तसे ठरल्यावाचून चित्रपटाचे भागतच नाही. ॲरोस्मिथला प्रयोग मोडूनही नायक राहता येते.